न धुतलेली माती

आमच्या तांड्याच्या वरच्या अंगाला, माळावर एक खड्डा आहे. तांड्याची आख्खी शाळा पत्र्यासकट आत मावेल एवढा. नवखा माणूस विचारतो, इथं पाझर तलाव करायचा होता का? आम्ही हो म्हणून मोकळे होतो. खरं सांगायचं तर ढोबळ्या मिरचीपासून सुरुवात करावी लागते, आणि मिरचीची गोष्ट सांगत गेलं की ती माझ्यापाशी येऊन थांबते. म्हणून आजवर कुणाला धड सांगितली नाही.

मी जगन. हिरासिंगचा थोरला. बाप लवकर गेला, मागं याडी म्हणजे माझी आई जमनाबाई, मी आणि धाकटी बहीण पुजा. आमचा बंजाऱ्यांचा तांडा औंढा नागनाथच्या अलीकडे, डांबरी सोडून तीन किलोमीटर आत. साठ-पासष्ट उंबरे. वर तांबड्या मातीचा माळ, खाली काळी रानं. माळाच्या उतारावरची खडकाळ रानं आमची आणि खालची काळी दुसऱ्यांची, हे काही वेगळं सांगायला नको.

दोन हजार सहा साली खालच्या काळ्या रानात हिंगोलीच्या दिपकरावांनी वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस टाकलं. दिपकराव रस्त्यांचे ठेकेदार. जन्मात कधी चिखलात पाय घातला नव्हता, पण पॉलिहाऊसला सरकार निम्मे पैसे देतं हे कळल्यावर त्यांना शेतीचा एकदम पुळका आला. पुण्याहून एक तज्ज्ञ साहेब आले. त्यांनी काळ्या मातीचं ढेकूळ हातात चुरडलं आणि तोंड वाकडं केलं. ही पाणी धरून ठेवते, मुळं कुजतील, लाल माती आणा, म्हणाले. ज्या मातीवर चार पिढ्यांनी ज्वारी आणि कापूस काढला ती मिरचीला चालेना. लाल माती जवळ कुठं, तर आमच्या माळावर.

माळ गायरान होता. कागदोपत्री सरकारचा, रोजच्या वापरात तांड्याच्या शेळ्यांचा. नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय तिथं कुणी फावडं मारत नसे. दिपकरावांना नायकाच्या ओट्यावर मीच घेऊन गेलो. आमचा नायक पुनमचंद सत्तरीचा, पागोटं कधी न उतरवणारा माणूस.

"किती नेता?" नायकानं विचारलं.

"दोन-चार ट्रॉल्या."

"आन् आमाला काय?"

"बावीस बायांना बारमाही काम," दिपकराव म्हणाले. "कापूस येचायला काय भेटतं त्यांना? मी त्याच्या दीडपट देतो. अन् हा तुमचा जगन शिकलेला आहे, याला सुपरवायझर करतो."

नायकानं माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी मान खाली घालायची होती. मी छाती काढून बसलो.

दोन-चार ट्रॉल्यांचे दोनशे चाळीस टिपर झाले. मला आकडा पाठ आहे, कारण टिपर मोजणं हेच सुपरवायझरचं पहिलं काम होतं. मातीबरोबर पळसाची झाडं गेली, बोरीची जाळी गेली, गवत तर गेलंच. माळाच्या कडेला पुरुषभर उंचीचं एक जुनं वारूळ होतं, ते जेसीबीनं एका घासात उचललं. त्याची माती चाळून ठेवल्यासारखी बारीक. तज्ज्ञ साहेब खूश झाले. ही पहिल्या बेडला, म्हणजे वाफ्याला टाका, म्हणाले. तांड्याच्या बायांनी घमेल्यांनी ती माती एक नंबरच्या बेडवर पसरली आणि त्यांच्यात पुजाही होती. ती घमेलं ओतून तशीच उभी राहिली.

"भिया, तीजची माती गेली," ती म्हणाली. भिया म्हणजे भाऊ. तांड्यात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं लिहिताना मराठीत आणतोय.

"माती काय संपून राहिली का?" मी म्हणालो. "हात चालव."

तीज हा आमच्यातल्या कुवार पोरींचा सण. श्रावणात राखी झाली की दुसऱ्या दिवशी पोरी दुरडीत वारुळाची माती आणि शेणखत भरतात, भिजवलेले गहू पेरतात आणि सगळ्या दुरड्या नायकाच्या दारात मांडवाखाली ठेवतात. मग नऊ दिवस विहिरीचं पाणी आणून, गाणी म्हणत घालायचं. त्या दिवसांत पोरी मीठ खात नाहीत. गहू वीतभर वर आला की पोरीचा नेम खरा, तिला घर चांगलं मिळणार. शेवटच्या दिवशी ते कोंब काढून वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवतात. ज्या पोरीचा गहू उगवत नाही तिच्याविषयी काय म्हणतात ते मला त्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, कारण गहू न उगवल्याचं कुणी पाहिलंच नव्हतं. दुरडीत गहू न उगवायला असतं काय?

तर पॉलिहाऊस उभं राहिलं. तांड्यातले लोक त्याला पांढरं घर म्हणायचे, आम्ही कामावरचे शेड म्हणायचो. लोखंडी पाइप पुण्याहून आले. वरचं प्लास्टिक कुठल्याशा परदेशातून आलं आणि त्याच्यावर लिहिलं होतं की तीन वर्षांनी बदला. जुन्याचं काय करायचं ते लिहिलं नव्हतं. नारळाचा भुसा केरळातून, बी हॉलंडचं, रोपं तळेगावची. आमच्या गावच्या म्हणाव्यात अशा त्यात दोनच गोष्टी, माळाची माती आणि जमिनीतलं पाणी. पाण्यासाठी साडेचारशे फूट बोअर मारला. दिवसाचे बारा तास वीज नसायची, म्हणून जनरेटर. उन्हाळ्यात आतल्या मिरचीला गरम होऊ नये म्हणून वरून धुक्यासारखं पाणी उडवायचो. त्याच दुपारी तांड्याच्या बाया हापशावर अंगाचं वजन टाकून लोंबकळत असायच्या आणि हापसा नुसता खडखडायचा. मी दोन्हीकडं पाहायचो. मला पगार एकीकडूनच होता.

आणि पिकवलं काय, तर लाल-पिवळी ढोबळी मिरची. दिसायला फार देखणी, चव म्हणाल तर काकडीच्या चुलत बहिणीसारखी. याडीनं एकदा तेलात टाकून पाहिली आणि म्हणाली, "ही मिर्ची काहून म्हनायची रे?" हिंगोलीच्या बाजारात तिला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून ती कागदात गुंडाळून, खोक्यात भरून मुंबईला जायची. वसमतचा नासेर दर तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन यायचा. साठीला आलेला माणूस, मेंदी लावलेली दाढी, तोंडाचा पट्टा कायम चालू. पुजाला तो बेटी म्हणायचा, आणि याडीच्या हातचा चहा घेतल्याशिवाय गाडी भरू द्यायचा नाही.

"जगनभाऊ, खुदा की कसम," तो म्हणायचा, "माल कमी आन् हवाच जास्त नेऊन राहिलो मी. खोक्यात बारा मिरच्या. सहाशे किलोमीटर जातो, येताना रिकामा कसा येऊ? नाशकाचे टमाटे भरतो, वसमतला उतरवतो. आन् वसमतचे टमाटे माझ्याच भावाच्या गाडीत बसून नांदेडला निघालेले असतात. टमाटे सैर करून राहिले, डिझल आपलं जळून राहिलं."

एकदा नायक त्याला म्हणाला, "नासेर, आमच्या बापजाद्याचे तांडे बैलावर मीठ आन् धान्य घेऊन मुलखाच्या मुलूख फिरायचे. बैल वाटंतच चरायचे आन् वाटंतच शेन टाकायचे. जाईल तिथलं रान सुधारायचं. तुझी गाडी वाटंला काय देती?"

"धूर देती, नायक!" नासेर म्हणाला, आणि दोघं खो खो हसले. मीही हसलो. सगळं हसण्यावारी नेण्याचे दिवस होते ते.

पुजा तेव्हा एकोणीस वर्षांची. दहावी झालेली, पॅकिंगच्या खोलीत मिरच्या निवडायची. बावीस बायांत तिचा हात सगळ्यांत साफ. सेनगावकडच्या एका तांड्यात तिची सगाई ठरली होती. मुलगा एसटीत कंडक्टरची परीक्षा देऊन बसलेला, माणसं बरी, आणि मुख्य म्हणजे पुजाला तो आवडला होता. हे ती बोलली नाही, पण एसटीची पिवळी-तांबडी गाडी फाट्यावर दिसली की ती कंडक्टरच्या दाराकडं बघायची. मी चिडवायचो. लग्न दिवाळीनंतर करायचं होतं. म्हणजे दोन हजार सातचा श्रावण हा तिच्या तीजचा शेवटचा.

पहिल्या वर्षी मिरचीत मर लागली. उभी झाडं माना टाकायची. तज्ज्ञ साहेब म्हणाले, मातीत रोग आहे, माती निर्जंतुक करा. म्हणजे फॉर्मालिन. तेच, जे शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकावर घालतात. ते पाण्यात कालवून बेडवर ओतायचं, वरून सात दिवस प्लास्टिक झाकायचं, मातीतलं झाडून सगळं मरू द्यायचं. मग उघडून त्या मातीवरून पाणीच पाणी सोडायचं, धुऊन काढायची, आणि वास पूर्ण गेल्यावरच लावणी. साहेबांनी मला हे तीनदा सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं. धुतल्याशिवाय काहीही पेरू नका, या ओळीखाली रेघ मारली होती.

राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेडवरचं प्लास्टिक काढलं. डोळ्यांत आग झाली. मग धुवायला बोअर सुरू केला, तर बोअरनं पाच मिनिटं पाणी फेकलं आणि नंतर हवा. त्या साली श्रावण कोरडाच चालला होता. मी फाट्यावर जाऊन दिपकरावांना फोन केला.

"टँकर पाठवतो चार दिवसांत," ते म्हणाले. "तोवर हात लावू नका."

मी मात्र लावला. त्याच दिवशी पुजा दुरडी घेऊन शेडच्या दारात आली, बरोबर तिची मैत्रीण शितल. बाकीच्या पोरींनी वारूळ राहिलं नाही म्हणून नायकाच्या गोठ्यामागची माती भरून घेतली होती. पुजाला ते पटलं नाही.

"तीजला वारुळाचीच माती लागती," ती म्हणाली. "ती एक नंबरच्या बेडात हाय. मीच टाकलेली हाय, मला ठाऊक हाय. दुरडीभर दे."

"तिच्यात औषध टाकलंय."

"मंग दे की धुऊन."

धुऊन द्यायला दोन बादल्या पाणी लागलं असतं. बोअर बंद. हापशावर रांग होती, सुपरवायझरनं कळशी घेऊन बायांच्या रांगेत उभं राहायचं का? मी घमेलंभर माती काढली आणि पोत्यावर पसरून उन्हात टाकली. दुपारपर्यंत वाळली. उचलून हुंगली, मला वास आला नाही. वर्षभर फवारण्या करून माझ्या नाकात काही उरलंच नव्हतं, हे ध्यानात यायला हवं होतं. शितलनं तोंडावर ओढणी धरली.

"नाकाला झोंबून राहिलंय की," ती म्हणाली.

"जाईल वास. उलट ही माती साफ हाय, किडा न्हाई, मुंगी न्हाई. तुझ्या दुरडीतल्यापेक्षा बरी," मी म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं. पुजानं माती दुरडीत भरली, वारुळाला करतात तसा तिला हात जोडून नमस्कार केला आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सात दुरड्यांत पांढरे कोंब दिसले. पुजाची आठवी, तिच्यात काही नाही. उशीर होत असेल, म्हणाले सगळे. पाचव्या दिवशी बाकीच्या दुरड्या बोटभर वर आल्या आणि पुजाची तशीच, ओल्या विटेसारखी तांबडी आणि गप्प. ती सगळ्यांच्या आधी उठून विहिरीवर जायची, घागर डोक्यावर, गाणं तोंडात. विहिरीतही तळाचं पाणी होतं, वीस हात दोर सोडावा लागायचा. मीठ तर सोडाच, तिनं त्या दिवसांत भाकरीही अर्धीच खाल्ली. सहाव्या दिवशी तिनं बोटानं माती उकरून एक दाणा काढला आणि शेडवर येऊन माझ्या तळहातावर ठेवला. फुगून काळा पडलेला होता, दाबला तर पिठासारखा फुटला.

"भिया, मातीत काय हाय?"

मला तेव्हा कळलं. खरं सांगतो, कळलं. कागदावरची ती रेघ मारलेली ओळ डोळ्यांसमोर आली.

"काही न्हाई," मी म्हणालो. "तू असं कर, गोठ्याची माती घे अन् गुपचूप दुसरे गहू पेर. तीन दिवसांत कोंब येतील, थोडे बारीक राहतील एवढंच."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला उगाच खोकला आला.

"देवाला फसवू?" ती म्हणाली. "नेम हाय त्यो, भिया."

शेवटच्या दिवशी नायकाच्या दारात सगळा तांडा जमला. होणाऱ्या सुनेची तीज बघायला पुजाची सासू नीलाबाई सेनगावकडून चार बायांसह आली होती. दिपकरावांनी त्या वर्षी लाऊडस्पीकर आणि मांडवाचा खर्च दिला होता, म्हणून त्यांना खुर्ची. त्यांच्या शेजारी आणखी दोन खुर्च्या, त्यांच्यावर मुंबईच्या कंपनीचे दोन साहेब. ही कंपनी आमची मिरची घेऊन खोक्यावर हिरवं पान छापायची आणि खाली लिहायची, विषमुक्त. साहेबांना तांड्यातल्या बायांचे फोटो हवे होते, घुंगरांच्या आणि आरशांच्या कपड्यांत. त्यांनी दुरड्यांचेही फोटो काढले. पुजाच्या दुरडीपाशी आल्यावर कॅमेरा खाली घेतला.

नीलाबाईनं विचारलं, "ही कुनाची?"

 मग मागून बायांत कुजबुज सुरू झाली आणि हळूहळू ती मोठ्यानं झाली. मीठ खाल्लं असंल. नेम मोडला असंल. आणि मग एक आवाज आला, त्या पांढऱ्या घरात काय चालतं कुनाला दिसतंय, बाहेरून काही दिसत न्हाई. ती बाई स्वतः त्या पांढऱ्या घरात माझ्या हाताखाली कामाला होती. तिला चांगलं माहीत होतं आत काय चालतं ते, मिरच्या पुसायचं काम चालायचं. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार.

पुजा मांडवातून पुढं आली. रडत नव्हती.

"मी नेम मोडला न्हाई," ती म्हणाली. "मीठ खाल्लं न्हाई. वारुळाचीच माती घेतली, सगळ्यांत बराबर मीच घेतली. माझ्या भियानं दिली. त्याला इचारा मातीत काय हाय."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. दिपकरावांचीही वळली. कंपनीच्या साहेबांनी दिपकरावांना काहीतरी विचारलं आणि दिपकराव हसत हात हलवून काही नाही, काही नाही असं म्हणाले. पण त्यांचे डोळे माझ्यावरून हलले नव्हते. मी तोंड उघडलं. फॉर्मालिन हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो उच्चारला असता तर खोक्यावरचं हिरवं पान तिथंच गळून पडलं असतं, त्याबरोबर माझी नोकरी, आणि बावीस बायांचा रोज. हे सगळं मी तेव्हा विचारात घेतलं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी घाबरलो होतो, बस.

"माती चांगलीच हाय," मी म्हणालो. "पानी घालायचं चुकलं असंल."

बोलून गेल्यावर कळलं मी काय बोललो. तीजमध्ये पोरीनं करायचं तरी काय असतं? पाणी घालायचं. तोच तर नेम. तिच्या सख्ख्या भावानं, तिच्या सासूच्या समोर, लाऊडस्पीकर चालू असताना सांगितलं की पोरीनं नेम चुकवला.   पुजानं आपली दुरडी उचलली, बाकीच्या पोरींमागून विहिरीकडं गेली आणि त्यांचे कोंब पाण्यात सोडून झाल्यावर नुसती माती सोडू लागली. तेवढं मात्र मी ओरडून थांबवलं. प्यायच्या विहिरीत ती माती जायला नको, एवढी अक्कल मला त्या दिवशी शिल्लक होती. मग ती माळाच्या खड्ड्यापाशी गेली आणि माती तिथं ओतून आली.

नीलाबाई जेवायला थांबली नाही. चार दिवसांनी निरोप आला, सगाई मोडली.

निरोप आला त्या दुपारी मी नायकाच्या ओट्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. औषध, कागद, बंद पडलेला बोअर, पोत्यावर वाळवलेली माती. नायकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं आता तो मला थोबाडीत मारेल, मारली असती तर बरं झालं असतं.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

तीज उरकल्यावर दुसऱ्या दिवशी दिपकरावांचे, चार दिवसांत येणारे, दोन टँकर आले होते. मी सगळे बेड धुतले होते आणि ते पाणी शेडच्या मागून ओढ्याला गेलं होतं. ओढ्याच्या डबक्यांत बेडूक पांढरी पोटं वर करून पडले. नायकाच्या म्हशीनं पाण्याला तोंड लावलं नाही, फुरफुरून मागं फिरली. सत्तर वर्षं जनावरं पाहिलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं होतं?

"मंग नायक, चला की," मी म्हणालो. "आपन सेनगावला जाऊ. तुमी सांगा नीलाबाईला. तुमचं ऐकतील."

नायकानं पागोट्याला हात लावला. त्या वर्षी त्याच्या पागोट्यात सात पोरींचे कोंब खोवलेले होते, वाळून पिवळे झाले होते, तरी त्यानं काढले नव्हते.

"सेनगावला सांगितलं की समद्या मुलखात कळलं," तो म्हणाला. "कंपनी माल घेनं बंद करती. दिपकराव शेड बंद करतो. माळ तर गेलाच, शेळ्या इकल्या बायांनी. आता कामबी गेलं तर खातील काय? पोरीवर गेलं तर एका घरचं गेलं, जगन. शेडवर गेलं तर समद्या तांड्याचं गेलं. आन् तू तरी आज सांगून राहिलास. चार रोजामागं मांडवात काहून बोलला न्हाईस?"

मी उठून घरी आलो. नायकाचा राग आला होता मला, फार राग आला होता. त्याच्यावर चिडणं सोपं होतं.

शेड त्यानंतर दोन हंगाम चाललं. मग एका उन्हाळ्यात वादळात प्लास्टिक फाटलं, दिपकरावांनी ते बदललं नाही, सरकारी पैसा हातात पडला होता आणि खोल नेत नेत बोअरनंही साडेसहाशे फुटांवर हात टेकले होते. पाइप काढून विकले. प्लास्टिक तांड्यातल्या लोकांनी छपरांवर टाकायला नेलं, उरलेलं काट्याकुट्यांवर फडफडत राहिलं, नीट शोधलं तर अजून सापडेल. दोन शेळ्या ते खाऊन मेल्या. तांबडी माती काळ्या रानात तशीच पडून आहे, तिच्यावर कुणी काही पेरत नाही. म्हणजे ज्या कामासाठी पुजाचा बळी दिला ते नायकाच्या तांड्याला त्यानंतर जेमतेम दोन वर्षं मिळालं. नासेर अजून दिसतो कधीकधी औंढ्याच्या बाजारात. नाशकाची ढोबळी मिरची आणून विकतो. गाडीचं फाळकं पाडून मला चहा पाजतो आणि पुजाचं नाव काढत नाही.

पण हे सगळं नंतरचं. पुजाचं लग्न त्याआधी, पुढच्या वैशाखात उरकलं. किनवटच्याही पलीकडं, जंगलातल्या एका तांड्यात. नवरा बिजवर, दोन लेकरांचा बाप. तीज न उगवलेल्या पोरीला दुसरं कोण येणार होतं? तिनं हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. मधल्या आठ महिन्यांत ती शेडवर कामाला येत राहिली, रोज मिरच्या निवडत राहिली, खोक्यांवरचं हिरवं पान वर येईल अशा बेतानं रचत राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

लेक सासरी निघते तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्याचं नाव घेऊन, त्यानं आपल्यासाठी काय काय केलं ते आळवत गात रडते. आमच्यात त्याला ढावलो म्हणतात. कुणाला वगळायचं नसतं. पुजा याडीच्या गळ्यात पडली तेव्हा सगळ्या बाया रडल्या. मग शितल, मग मांडवात जी बाई पांढऱ्या घराविषयी बोलली होती तीसुद्धा, तिलाही पुजानं नाव घेऊन गायलं. नायकाच्या पागोट्यावर डोकं टेकून गायली. मुंबईची खेप आदल्या दिवशीच रिकामी करून नासेर मुद्दाम आला होता, कडेला उभा होता. तिनं त्याच्याजवळ जाऊन चाचा म्हणून गायलं आणि म्हाताऱ्यानं दाढी भिजेपर्यंत रडून घेतलं. आमचा एकच बैल उरला होता, त्याच्या गळ्यात हात टाकूनही ती गायली.

शेवटी माझ्यासमोर आली. मी दोन्ही हात पुढं केले होते. भावाचा ढावलो सगळ्यांत लांब असतो, सगळे त्याचीच वाट बघत असतात. पुजानं डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि गाण्यात नाही, रडण्यात नाही, रोज शेडवर विचारायची तशा साध्या आवाजात विचारलं,

"भिया, माती धुतली का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

जीप फाट्याकडं गेली. मी हात खाली केले. नासेरची गाडी त्या दिवशी भरायची होती, म्हणून मी शेडवर गेलो.